मिस्तरींचं टेबल

आमच्या सायखेड्याचे मिस्तरी गेले. ऐंशीच्या पुढचे होते, रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. गावात अशा मरणाला 'सोनं झालं' म्हणतात. दहाव्याला गोदावरीच्या काठावर बरीच गर्दी होती आणि त्यातले नातेवाईक जेमतेम निम्मे. बाकीचे सगळे फोटोग्राफर. निफाड, सिन्नर, ओझर, पिंपळगावचे स्टुडिओवाले, नाशिकहून आलेले दोन-तीन प्रेस फोटोग्राफर, आणि नांदूरमध्यमेश्वरला पक्षी टिपायला जाणारी आमच्यासारखी हौशी मंडळी. एवढे फोटोग्राफर एका जागी जमले आणि कुणी एकही फोटो काढला नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

या शनिवारी खरं तर वेगळंच काहीतरी लिहायला घेतलं होतं. ते ठेवून दिलं.

मिस्तरी कॅमेरे दुरुस्त करायचे. बस्स, एवढंच. स्वतः फोटो काढायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "चपला शिवणाऱ्यानं चालत पंढरपूरला गेलंच पाहिजे का?" मूळचा धंदा घड्याळांचा. मग एका लग्नात कुणा फोटोग्राफरचा कॅमेरा अडकला, यांनी तो चिमट्याने सोडवला, आणि पुढची पन्नासएक वर्षं तेच करत राहिले. घराची पुढची खोली, खिडकीशी लाकडी टेबल, त्यावर पांढरं फडकं (पडलेला स्क्रू दिसावा म्हणून), डोळ्याला लावायची घड्याळजीची काच, चिमटे, आणि लायटरच्या पेट्रोलची बाटली. भिंतीवर पाटी नव्हती. पाटीची गरजही नव्हती. एसटीतून उतरून "मिस्तरी कुठे?" विचारलं की शेंबडं पोरही घरापर्यंत आणून सोडायचं.

तुम्ही म्हणाल, कॅमेरा दुरुस्त करणं म्हणजे काय मोठं? मलाही कॉलेजात असताना तसंच वाटायचं. त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून पाहिलं तेव्हा जरा अंदाज आला.

एकच उदाहरण सांगतो. लेन्स फोकस करताना आपण जी रिंग फिरवतो तिच्या आत आटे असतात. पण ते बाटलीच्या झाकणासारखे एकेरी नसतात. एकाच वेळी अनेक आटे सुरू होतात, त्यामुळे दोन नळ्या वेगळ्या केल्या की पुन्हा बसवताना सुरुवातीच्या अनेक जागा मिळतात आणि त्यातली बरोबर एकच असते. चुकीच्या जागी बसवली तरी लेन्स छान फिरते, दिसायलाही ठीक दिसते, फक्त लांबचं काही फोकस होत नाही. म्हणून नळी सुटण्याच्या नेमक्या क्षणी सुईने दोन्हीकडे बारीक खूण करायची. मिस्तरी ती खूण करताना श्वास रोखायचे. मी मोजला नाही, पण समोरच्याचाही आपोआप रोखला जायचा :-)

लेन्स जोडून झाली की परीक्षा. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडायचं, जिथे फिल्म बसते तिथे ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून लावायचा, रिंग 'अनंत'वर ठेवायची आणि कॅमेरा खिडकीबाहेर रोखायचा. लांबची वस्तू कागदावर उलटी आणि रेखीव दिसली की पास. पूर्वी त्यासाठी नदीपलीकडचं एक निंबाचं झाड होतं. पुढे त्याच्या अलीकडे मोबाईलचा टॉवर उभा राहिला तेव्हा आम्ही हळहळलो. मिस्तरी खुशीत! म्हणाले, "झाडाची पानं हलायची. टॉवर कसा, जागचा हलत नाही."

दुसरी गंमत टीव्हीची. घरात नवा चपटा टीव्ही आला तरी त्यांनी जुना, डब्बा टीव्ही टाकू दिला नाही. काकूंची त्यावरून रोज कटकट. कारण ऐकाल तर चाट पडाल. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र एकदम उमटत नाही, ओळीओळीने वरून खाली उमटत जातं. आता लेन्स काढून, मागचं दार उघडून कॅमेरा त्या पडद्यासमोर धरा आणि हजारच्या स्पीडला शटर दाबा. शटरचे पडदे आडवे धावतात, टीव्हीच्या ओळी खाली उतरतात, आणि दोन्ही मिळून डोळ्याला एक तिरपा उजळ पट्टा दिसतो. पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा रुंद असला तर दोन्ही पडदे एका चालीने धावतायत. एका टोकाला निमुळता झाला तर एक पडदा मागे पडतोय, आणि फोटोची एक बाजू काळपट येणार. हजारो रुपयांच्या मशीनचं काम भंगारातला टीव्ही करत होता.

नोकरी लागल्यावर मी त्यांच्यासाठी एक खेळणं बनवलं. एक फोटोट्रान्झिस्टर, दोन वायरी आणि लॅपटॉपचं माइकचं भोक. समोर बॅटरी धरायची, शटर दाबायचं, आणि आवाज रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन टोकं दिसतात: एक शटर उघडतानाचं, एक मिटतानाचं. मधलं अंतर मोजलं की झालं. पहिल्याच दिवशी मिस्तरींनी एक पेंटॅक्स के-थाउजंड कानाशी धरला, एक अष्टमांश सेकंदाला दाबला आणि म्हणाले, "हा दमलाय." मी मोजलं. १२५ मिलिसेकंद यायला हवे होते, आले १६० च्या आसपास. मला वाटलं आता माझ्या यंत्राला हसणार. हसले नाहीत. उलट म्हणाले, "साठच्या पुढे माझा कान चालत नाही. तिथनं पुढं तुझं लाव." आणि खरंच शेवटपर्यंत ते वापरलं. आपल्याला काय येतं आणि कुठून पुढे येत नाही, हे इतक्या स्वच्छ माहीत असलेला माणूस मी आमच्या क्षेत्रात तरी फार कमी पाहिलाय.

*

पण गावाने मिस्तरींना खरं ओळखलं ते पुरात.

२०१६ चा ऑगस्ट. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, सायखेड्याच्या पुलाला पाणवेली अडकलेल्या, चांदोरी आणि सायखेडा दोन्ही गावांत पाणी. बाजारपेठेत दुकानंच्या दुकानं बुडाली आणि त्यात फोटो स्टुडिओही. पाणी ओसरल्यावर जो तो आपापलं सामान उन्हात मांडायला लागला. मिस्तरी काठी टेकत चिखलातून निघाले ते थेट स्टुडिओच्या दारात. आणि ओरडले, "वाळवू नका! बादली आणा!"

लोकांना वाटलं म्हाताऱ्याला धक्का बसलाय. भिजलेली वस्तू पुन्हा पाण्यात? पण त्यांचं गणित साधं होतं. गाळ ओला असेपर्यंत गाळ असतो, वाळला की सिमेंट. जुन्या, बिनबॅटरीच्या कॅमेऱ्याच्या दातेरी चाकांत तो वाळला की संपलं. त्यामुळे असे कॅमेरे स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायचे आणि एकेक करून खोलायचे. डिजिटलची गोष्ट वेगळी: बॅटरी ताबडतोब काढायची आणि 'चालू होतोय का बघू' हा मोह अजिबात धरायचा नाही. ओल्या सर्किटमधून वीज गेली की ते जळतं.

कॅमेऱ्यांपेक्षा मोठा प्रश्न होता निगेटिव्हचा. कपाटभर लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो. निगेटिव्हवर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की फुगतो, आणि एकमेकींवर ठेवलेल्या पट्ट्या तशाच वाळल्या की चिकटतात. मग ओढल्या तर चेहरे सोलून निघतात. म्हणून इथेही तेच: थंड स्वच्छ पाण्यात ठेवा, पाण्यातच हळूहळू सोडवा, कडेला धरा, चित्राला बोट लावू नका, आणि चिमटा लावून सावलीत टांगा. मिस्तरींच्या ओसरीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवर आठवडाभर सायखेड्याची लग्नं टांगलेली होती. बायका येऊन उजेडाकडे धरून बघायच्या. उलट्या रंगातली नवरी ओळखू यायची नाही, पण मुंडावळ्यांवरून कुणीतरी ओळखायचंच. "अगं ही तर आपली शकू!"

२०११ च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये स्वयंसेवकांनी असेच लाखो फोटो चिखलातून काढून धुतले होते आणि शाळांच्या हॉलमध्ये मांडून ज्याचे त्याला परत दिले होते. मी मिस्तरींना तो व्हिडिओ दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "पाणी बदलत नाहीयेत का वेळेवर? ते बघ, गढूळ झालंय."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदामाईने पुन्हा गाव बुडवलं. या वेळी कुणाला सांगावं लागलं नाही. बादल्या आधीच भरलेल्या होत्या.

*

मिस्तरींचा धंदा हळूहळू बसत गेला हे वेगळं सांगायला नको. मोबाईल आला, लग्नाचे फोटो ड्रोनवर गेले, आणि कॅमेरे असे बनायला लागले की बिघडला तर आतला सबंध बोर्डच बदलायचा. फिल्मचा कॅमेरा तर शोकेसमध्ये गेला. तरी वर्षातून एकदा त्यांच्याकडे रांग लागायची, ती दसऱ्याच्या आधी. खंडेनवमीला शस्त्रं पुजतात तसे आमच्याकडचे स्टुडिओवाले कॅमेरे पुजतात. वडिलांचा जुना यशिका बंद अवस्थेत कसा पुजायचा? म्हणून तो चालू करून हवा असायचा. त्यानंतर वर्षभर त्यात रोल पडणार नाही हे मिस्तरींनाही माहीत आणि आणणाऱ्यालाही. पैसे मात्र ते देवाच्या कामाचे म्हणून घ्यायचे नाहीत. (बाकी कामाचेही धड घ्यायचे नाहीत, तो भाग वेगळा.)

आमच्या धंद्यात 'बस फॅक्टर' नावाचा एक वाह्यात शब्द आहे. टीममधली किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. मिस्तरींचा आकडा एक होता. आणि हे फक्त सायखेड्यापुरतं आहे असंही नाही. पेंटॅक्सने डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा फिल्म कॅमेरा बनवायचं जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की जुनी ड्रॉइंग्ज आहेत, पण ती नीट समजावून सांगेल असं कंपनीत कुणी फारसं उरलेलं नाही. फिल्म पुढे सरकवायची साधी खटकी कशी बसवायची, हे नव्या इंजिनियरांना शिकवायला निवृत्त झालेल्या म्हाताऱ्यांना बोलवावं लागलं. त्यातून २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ बाजारात आला. एवढी मोठी जपानी कंपनी, आणि सगळी भिस्त कुणाच्या तरी बोटांतल्या आठवणीवर!

हे वाचताना मला दर वेळी कोल्हापूर आठवतं.

सिनेमाचं नाव निघालं की आम्ही नाशिककर लगेच कॉलर ताठ करतो, कारण दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. पण फाळक्यांनी १९१२ मध्ये कॅमेरा आणला तो इंग्लंडहून, विल्यमसन कंपनीचा. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला आणि तो बघून कोल्हापुरातले दोन चुलतभाऊ पेटले. आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री. (हो, आडनाव मिस्त्रीच. जग त्यांना पेंटर म्हणून ओळखतं.) नाटकांचे पडदे रंगवण्यात दोघांचा हात धरणारा तेव्हा कुणी नव्हता. सिनेमा काढायचा होता, पण परदेशी कॅमेऱ्याला पैसे कुठून आणणार? मग ठरवलं, आपणच बनवू. कोल्हापुरात, स्वतःच्या हाताने, सिनेमाचा कॅमेरा.

आणि काम अर्धवट असताना १९१६ मध्ये आनंदराव गेले.

बाबूरावांबद्दल आपण पुष्कळ वाचतो. कलामहर्षी, महाराष्ट्र फिल्म कंपनी, १९२० चा 'सैरंध्री', वगैरे. ते सगळं खरंच मोठं आहे. पण मला राहून राहून आनंदराव गेल्यानंतरचे ते दिवस डोळ्यासमोर येतात. भाऊ गेलाय. टेबलावर अर्धा कॅमेरा पडलाय. त्यातल्या किती गोष्टी फक्त त्याच्याच डोक्यात होत्या कोण जाणे. बाबूराव ते सगळं गुंडाळून परत पडदे रंगवायला बसले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. ते बसले नाहीत. विष्णुपंत दामले नावाच्या शिष्याला हाताशी धरलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. 'सैरंध्री' त्याच कॅमेऱ्यावर चित्रित झाला. आणि हे दामले म्हणजे पुढे प्रभातच्या संस्थापकांपैकी एक, १९३६ च्या 'संत तुकाराम'च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक. दुसरे फत्तेलाल. म्हणजे आनंदरावांच्या टेबलावरचं काम कुठल्या कुठे पोचलं बघा! स्वतः आनंदरावांनी मात्र त्या कॅमेऱ्यातून निघालेली एक फूट फिल्मही पाहिली नाही.

असो. तर मिस्तरींच्या टेबलाकडे येतो.

तेराव्यानंतर काकूंचा निरोप आला, "ते कॅमेरे घेऊन जा रे बाबांनो, मला बघवत नाहीत." आम्ही चौघं गेलो: निफाडचे एक स्टुडिओवाले, एक पक्षीवाला मित्र, गावातला मोबाईल रिपेअरिंगचा पोरगा आणि मी. टेबलावर आणि खालच्या खणात मिळून चौदा कॅमेरे निघाले. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर नाव, गाव आणि रोग. 'सिन्नर. वाइंड अडकतो.' 'ओझर. बुरशी.' एकावर नुसतं 'हट्टी' :-)

आठ कॅमेरे तयार होते, फक्त न्यायला कुणी आलं नव्हतं. एक हात न लावलेला. पाच मात्र उघडे. झाकण एकीकडे, बॉडी एकीकडे, आणि स्क्रू औषधाच्या छोट्या डब्यांत. कुठल्या डबीतला स्क्रू कुठला, हे सांगणारा माणूस गेलेला.

मग खणाच्या तळाशी वही सापडली. शाळेची, दोनशे पानी, कव्हरवर शिवाजी महाराज. आत शिसपेन्सिलीने काढलेल्या स्प्रिंगा, दातेरी चाकं, बाण, आणि शेजारी बारीक अक्षरात सूचना. 'डावा आटा, उलटा फिरतो.' 'हे चाक एक दात मागे ठेवणे.' 'इथे घाई करू नये.' आणि एका पानावर चौकट करून: 'या स्क्रूला हात लावू नये. का ते विचारू नये.' हे वाचून मी मोठ्याने हसलो आणि मग मला हुंदकाच आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कोडमध्ये नेमकी हीच कॉमेंट वाचत आलोय.

दोन रविवार बसलो. पाचांपैकी तीन कॅमेरे पोराने वहीवरून बंद केले. बावीस वर्षांचं पोरगं, रोज मोबाईलच्या काचा बदलतं, बोटं एकदम स्थिर. त्याच्या हातात मिस्तरींचा चिमटा पाहून स्टुडिओवाले काका उठून बाहेर गेले, पाणी प्यायला म्हणे. तिसरा कॅमेरा बंद झाल्यावर पोराने तो कानाशी धरून दाबला. आम्ही कुणी त्याला तसं शिकवलं नव्हतं. मी लॅपटॉप लावून मोजलं. एक अष्टमांशला १३०. फिल्मला पाच मिलिसेकंदांनी काही फरक पडत नाही.

उरलेले दोन जमले नाहीत. त्यातल्या एकाला चिठ्ठीच नव्हती. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "तो त्यांचाच. कधीचा घेऊन बसायचे." फोटो न काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा कॅमेरा! आमच्या कुणाला माहीतच नव्हतं. त्याचं पान वहीत नाही. तो तसाच, डब्यांसकट, सध्या पोराच्या दुकानात आहे. रोज दुकान बंद केल्यावर अर्धा तास बसतो म्हणतोय. कधी पुरा होईल माहीत नाही. होईल की नाही तेही माहीत नाही.

वहीची सगळी पानं मी स्कॅन केली आहेत, आणि ज्या स्टुडिओवाल्यांना हवी होती त्यांना प्रिंट काढून दिल्या आहेत. मूळ वही पोराकडे.

तुमच्याही घरी कपाटात आजोबांचा किंवा बाबांचा एखादा कॅमेरा पडला असेल तर या रविवारी बाहेर काढा. चामड्याच्या कव्हरमधून काढून ठेवा, चामडं ओल धरतं आणि लेन्सला बुरशी लागते. आत सेल असेल तर काढा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या घाला. आणि महिन्यातून एकदा, फिल्म नसली तरी, सगळ्या स्पीडला एकेकदा शटर दाबा. मिस्तरी प्रत्येक गिऱ्हाइकाला दारापर्यंत सोडायला यायचे आणि हेच सांगायचे, "वापरत नसलास तरी दाबत जा रे. नाहीतर विसरतो तो."